नॉमिनी सासूबाई आहेत, मग मी कोण?

फोंडा तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ४२. नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात वीस वर्षं नोकरीला होता. पाच महिन्यांपूर्वी हृदयविकाराच्या झटक्याने तो अचानक गेला. मुलगी दहावीत आहे, मुलगा पाचवीत. सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, पहिल्यापासून यांच्याकडेच राहतात. नवऱ्याने मृत्युपत्र केलं नव्हतं. कंपनीत चौकशी केल्यावर कळलं की पीएफच्या फॉर्मवर नॉमिनी म्हणून त्याच्या आईचं नाव आहे. तो फॉर्म नोकरीला लागताना, लग्नाच्या तीन वर्षं आधी भरलेला, आणि पुढे तो कधी बदललाच नाही. खात्यात अकरा लाखांच्या आसपास रक्कम आहे. मडगावला राहणारे थोरले दीर म्हणतात, "नॉमिनी आई, म्हणजे पैसे आईचे. तुला हवे तर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वाटणीचा दावा, घालावी लागेल, त्यात दहा वर्षं जातील. त्यापेक्षा हरकत नाही म्हणून लिहून दे. घराच्या दुरुस्तीला मी दिलेले चार लाख वळते करून उरलेले आई तुझ्या मुलांनाच देईल." स्टॅम्प पेपरही त्यांनी आणून ठेवला आहे. ताई विचारतात: मृत्युपत्र नसताना माझा हक्क आहे का? आणि असला, तरी नवऱ्याला जाऊन सहा महिनेही झाले नाहीत, एवढ्यात पैशांसाठी म्हाताऱ्या सासूशी भांडायचं का?

ताई,

त्या कागदावर सही करू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण एवढं आधी सांगतो. दीर वाईट आहेत असं मी म्हणत नाही. आपल्याकडे बाराव्याच्या मांडवात दर तिसरा पाहुणा वकील होतो. त्यातला निम्मा कायदा दुसऱ्याच कुणाच्या प्रकरणातला असतो, आणि तुमच्या दिरांनी तो तसाच उचललेला दिसतो. पण त्यांचा हेतू कितीही स्वच्छ असला, तरी तो कागद तुमच्या फायद्याचा नाही. तुमच्या मुलांच्या तर नाहीच नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात: मृत्युपत्र नाही, म्हणून सगळं अडलं. पीएफच्या बाबतीत तसं नसतं. त्यांनी मृत्युपत्र केलं असतं तरी पीएफ त्यानुसार वाटला गेला नसता. पीएफ ऑफिस मृत्युपत्र पाहत नाही. ते नॉमिनी पाहतं, आणि वैध नॉमिनी नसेल तर कुटुंबात कोण कोण आहे ते पाहतं. तेव्हा "एक कागद करून ठेवला असता तर" ही जी टोचणी तुमच्या अक्षरात जाणवते, ती निदान या खात्यापुरती तरी सोडून द्या.

दुसरं गृहीतक दिरांचं आहे आणि तुम्हीही ते मान्य केलं आहे: नॉमिनी सासूबाई आहेत, म्हणजे पैसे त्यांचे. इथे कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजनेचा एक नियम नीट समजून घ्या, कारण तुमचं सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. १९५२ च्या या योजनेनुसार सभासदाने लग्नानंतर नॉमिनेशन नव्याने करायचं असतं, आणि लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्नामुळे आपोआप रद्द ठरतं. ते रद्द करायला कुणी अर्ज करावा लागत नाही. तुमच्या नवऱ्याचा तो जुना फॉर्म तुमच्या लग्नाच्या दिवशीच निकामी झाला. कंपनीच्या फाइलीत तो अजून आहे म्हणून सगळ्यांना तो जिवंत वाटतो, इतकंच.

वैध नॉमिनी नसेल तर ही योजनाच सांगते की रक्कम कुटुंबात समान वाटायची. पुरुष सभासदाच्या कुटुंबात पत्नी, मुलं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील येतात. इतर हिस्सेदार हयात असतील तर सज्ञान मुलग्यांना आणि नवरा हयात असलेल्या विवाहित मुलींना वाटा मिळत नाही. तुमची दोन्ही मुलं लहान आहेत, तेव्हा ती दोघंही हिस्सेदार.

आता सासूबाई. ज्या बाई पहिल्यापासून धाकट्या मुलाच्या घरी राहिल्या आणि त्याच्याच पगारावर जगल्या, त्या त्याच्यावर अवलंबून नव्हत्या असं म्हणणं तुम्हाला जमणार नाही. ते म्हणूही नये. म्हणजे हिस्से चार झाले: तुम्ही, मुलगी, मुलगा आणि सासूबाई. अकरा लाखांचे पावणेतीन लाखांचे चार भाग. सगळे पैसे आईचे हे चूक, तसंच सगळे पैसे माझे हेही चूक.

पीएफमधला नॉमिनी आणि खरा मालक हा फरक कोर्टाने फार पूर्वीच स्पष्ट केला आहे. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे तुमच्यासारखंच एक प्रकरण होतं. एका बँक कर्मचाऱ्याने लग्नाआधी आईला नॉमिनी केलं होतं, लग्नानंतर नाव बदललं नाही, आणि मूलबाळ नसताना तो गेला. न्यायालयाने सांगितलं की नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा हात आहे. पैसे कोणाचे, हे वारसा कायदा ठरवतो. त्या विधवेला निम्मा वाटा मिळाला. तेव्हा जुना फॉर्म पाहून रक्कम कधी चुकून सासूबाईंच्या खात्यात गेलीच, तरी तुमचा दावा संपत नाही. पण तशी वेळ येऊ न देणं सोपं आहे, त्याकडे येतोच.

गोव्यातल्या आपल्या लोकांसाठी याला आणखी एक पदर आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. तिच्यानुसार, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामायिक धरली जाते. सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयात तुम्ही दोघांनी पहिली सही आणि दुसरी सही केली ना, त्या नोंदणीनेच हे झालं. म्हणून नवरा गेल्यावर निम्मी मालमत्ता तुमची स्वतःची. ती वारसाने मिळत नाही, ती आधीपासूनच तुमची असते. उरलेली निम्मी त्याच्या वारसांची, आणि वारसांत पहिला मान मुलांचा. मुलगा-मुलगी समान. मुलं असताना आईवडील वारस होत नाहीत.

गंमत अशी की या हिशोबात सासूबाई वाटणीच्या बाहेर राहतात, आणि पीएफच्या नियमात त्या चौथ्या हिस्सेदार असतात. कुणी वकील तुम्हाला सांगेलही, "गोव्याच्या कायद्यावर बोट ठेवा, म्हातारीला काही देऊ नका." माझं मत विचाराल तर तसं करू नका. एकतर दोन कायद्यांच्या त्या फटीत कोर्टाची वर्षं जातील. दुसरं म्हणजे ज्या आईचा मुलगा गेला, तिच्या हातात पावणेतीन लाख स्वतःचे असणं तुमच्या घराच्याही फायद्याचं आहे. औषधपाण्याला उद्या त्यांना कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागणार नाही, थोरल्या मुलाच्याही नाही. गोव्याचा कायदा घर, जमीन आणि बँकेतल्या ठेवींच्या वेळी लागेल, तिथे तो जरूर वापरा.

इन्व्हेंटरीची भीतीही अशीच चुकीच्या जागी लावलेली आहे. वारसांत मालमत्तेची वाटणी जमत नसेल तर कोर्टात इन्व्हेंटरी चालते, आणि ती लांबू शकते हे खरं. पण पीएफच्या दाव्याला ती लागत नाही. बँक, गाडी, जमिनीची नोंद यांसाठीही बहुतेक घरांत सक्सेशन डीड पुरतं. ते आपल्या तालुक्याच्या सब-रजिस्ट्रारकडे होतं, तेच स्पेशल नोटरी म्हणून काम पाहतात. मृत्युपत्र न करता अमुक गृहस्थ वारले, मागे निम्म्या हिश्श्याची मालकीण म्हणून पत्नी आणि वारस म्हणून ही मुलं, असा त्यातला मजकूर असतो. वर्तमानपत्रात अशा जाहीर नोटिसा तुम्ही पाहिल्या असतील. पीएफसाठी थांबायचं नसलं तरी हे डीड करायला घ्या. पुढे दहा ठिकाणी ते मागतील.

तुम्हाला "पीएफ" हा शब्दच सगळीकडे ऐकू आला, म्हणून तुम्ही एकाच रकमेबद्दल विचारलं आहे. प्रत्यक्षात तिथे तीन वेगळे हक्क आहेत, आणि उरलेल्या दोन्हींबद्दल घरात कुणी अक्षर काढलेलं नाही.

नोकरीत असताना सभासद गेला तर ईडीएलआय नावाचा विमा असतो. त्याचा हप्ता मालक भरतो, पगारातून काही कापलं जात नाही, म्हणून लोकांना त्याचा पत्ताच नसतो. हिशोब असा: गेल्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराची ३५ पट. त्यासाठी पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, म्हणजे ५ लाख २५ हजार. त्यात पीएफच्या सरासरी शिलकीच्या निम्मी रक्कम मिळवायची, ती १ लाख ७५ हजारांपर्यंत. एकूण कमाल ७ लाख. तुमच्या नवऱ्याचा मूळ पगार पंधरा हजारांच्या वर असेल आणि शिल्लक अकरा लाख असेल, तर तुम्ही कमाल रकमेत बसता. याचे हिस्सेही पीएफसारखेच पडतात, माणशी पावणेदोन लाख. म्हणजे दीर ज्या रकमेचं गणित मांडत आहेत, त्यात सात लाख धरलेलेच नाहीत.

तिसरा हक्क पेन्शनचा, कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ मधला. इथे सासूबाईंचं नाव फॉर्मवर असो वा नसो, पत्नी हयात असताना विधवा पेन्शन पत्नीलाच मिळतं. शिवाय त्याच्या २५ टक्के रक्कम दोन्ही मुलांना प्रत्येकी मिळते, वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत. किमान विधवा पेन्शन महिना १,००० रुपये आहे. तुमचं त्याहून जास्त बसेल, तरी घर चालण्याइतकं ते नसेल हे आधीच सांगतो. पण पुनर्विवाह केला नाही तर ते तहहयात आहे आणि कुणाशी वाटायचं नाही. नवरा निवृत्त व्हायला आला नव्हता, मग पेन्शन कसली, असं समजून कितीतरी बायका हा अर्जच करत नाहीत. नोकरीत असताना मृत्यू झाला तर या योजनेत एका महिन्याची वर्गणीही पुरते.

पीएफच्या बाहेर ग्रॅच्युइटी आहे. ती कंपनीकडून मिळते. पाच वर्षांची अट मृत्यू झाल्यास लागत नाही, आणि तुमच्याकडे तर वीस वर्षं आहेत. तिचं नॉमिनेशन वेगळ्या फॉर्मवर असतं. तिथे आईचं नाव असेल तर लग्नाचा पीएफमधला नियम तसाच लावता येत नाही, म्हणून तो फॉर्म आधी पाहायला मागा.

आता करायचं काय, ते सांगतो. पहिलं काम एका पानाचं आहे आणि ते या आठवड्यात करा. पणजीला पाटोवर पीएफचं प्रादेशिक कार्यालय आहे. तिथे साध्या कागदावर अर्ज द्या, त्यात नवऱ्याचा यूएएन, म्हणजे पीएफ सभासदाचा क्रमांक, घाला: अमुक यूएएन क्रमांकाचे सभासद, माझे पती, अमुक तारखेला वारले. फाइलीतलं नॉमिनेशन आमच्या लग्नाआधीचं असल्यामुळे रद्द झालेलं आहे. कुटुंबात पत्नी, दोन अज्ञान मुलं आणि अवलंबून असलेली आई आहेत. याची नोंद घेतल्याशिवाय रक्कम अदा करू नये. सोबत मृत्यूचा आणि लग्नाचा दाखला जोडा. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठू नका. जुन्या फॉर्मवरून परस्पर पैसे जाण्याची वाट या अर्जाने बंद होते, आणि त्यात सासूबाईंचं नाव तुम्हीच लिहिलेलं असल्याने उद्या कुणी तुम्हाला लबाड म्हणू शकत नाही.

मग दावा. मृत्यूनंतरच्या दाव्यासाठी एकच संयुक्त अर्ज आहे. पूर्वीचे फॉर्म २०, फॉर्म १०-डी आणि फॉर्म ५-आयएफ त्यातच आले. पीएफ, पेन्शन आणि विमा अशा तिन्ही ठिकाणी खूण केली आहे ना, ते दोनदा पाहा. अर्जावर कंपनीची सही लागते. कंपनी चालढकल करू लागली तर राजपत्रित अधिकारी, तुमचं खातं असलेल्या बँकेचा मॅनेजर, पोस्टमास्तर किंवा आमदार यांची साक्षांकित सही चालते. "कंपनी सही देत नाही" म्हणून वर्षभर घरी बसलेल्या बायका आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. अर्ज सगळ्या बाजूंनी पूर्ण असेल तर वीस दिवसांत निकाली काढायचा असतो. नाही झाला तर पीएफच्या तक्रार पोर्टलवर नोंद करा. शिवाय प्रत्येक जिल्ह्यात महिन्याच्या २७ तारखेला पीएफवाल्यांचं शिबिर असतं, तिथे समोरासमोर विचारता येतं.

बहुतेक दावे कायद्यावर अडत नाहीत, नावावर अडतात. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची हौस. जन्मदाखल्यावर एक नाव, रजिस्ट्रारच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, आणि नवऱ्याने कंपनीत सांगितलेलं आणखी तिसरंच. सासूबाईंचा जन्म १९६१ च्या आधीचा असेल तर त्यांच्या कागदांवर आडनावाची पोर्तुगीज वळणाची अक्षरं असू शकतात, परबांचे पोरोबो आणि कामतांचे कामोतीम. सगळे दाखले टेबलावर मांडा आणि प्रत्येकावरचं नाव एका कागदावर उतरवा. फरक असेल तर ही सगळी नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून आत्ताच करून घ्या. नवऱ्याचं आधारवरचं नाव आणि जन्मतारीख पीएफच्या नोंदीशी जुळते का, तेही पाहा. तिथे फरक असेल तर दुरुस्ती कंपनीमार्फत करावी लागते.

तुमचं बँक खातं एकट्या तुमच्या नावाचं असू द्या. मुलांची वेगळी खाती उघडा, त्यांचे हिस्से त्यांत जाऊ द्या आणि मुदत ठेवीत टाका. स्टॅम्प पेपरवर सही करू नका म्हटलं, त्याचं खरं कारण इथे आहे. स्वतःचा हिस्सा तुम्ही उद्या सासूबाईंना देऊन टाकलात तर तो तुमचा प्रश्न. पण अज्ञान मुलांचा वारसाहक्क आईलाही कोर्टाच्या परवानगीशिवाय सोडता येत नाही. जे तुम्हाला देताच येत नाही, ते लिहून मागितलं जात आहे. शिवाय गोव्यात वारसाहक्क सोडायचा तर स्पेशल नोटरीसमोर रीतसर दस्त करून सोडतात, घरच्या घरी सही करून नाही.

दिरांचे चार लाख. ते त्यांनी खरोखर दिले असतील तर बुडवू नका. पण पीएफमधल्या रकमेवर सभासदाच्या कर्जापोटी जप्तीसुद्धा आणता येत नाही, मग घरातल्या घरात परस्पर वळते करणं दूरच. त्यांना सांगा, "भावजी, कधी आणि कसे दिलेत ते लिहून द्या, मी हिशोब ठेवते. सक्सेशन डीड झालं की बाकीच्या मालमत्तेबरोबर बसून बोलू." दुरुस्ती झालेल्या घराच्या कागदांवर कोणाकोणाची नावं आहेत, हेही तेव्हा कळेल. घर दोघा भावांचं सामायिक असेल तर चार लाखांचा हिशोबच बदलतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, सासूशी भांडायचं का. पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात दिरांची वाक्यं आहेत, कंपनीतल्या माणसाचं बोलणं आहे, शेजारणीचं मत आहे. सासूबाईंचं एकही वाक्य नाही. त्यांना तुम्ही अजून विचारलेलंच नाही, असं मला वाटतं. त्यांना कदाचित ठाऊकही नसेल की वीस वर्षांपूर्वीच्या एका फॉर्मवर आपलं नाव आहे आणि त्यावरून घरात कागद तयार झाला आहे. दीर घरी नसताना, दुपारच्या निवांत वेळी त्यांच्यापाशी बसा. नॉमिनी, कायदा हे काही काढू नका. "आई, त्यांच्या पीएफचे चार भाग होतात, त्यात एक तुमचा आहे. तो तुमच्या खात्यात येईल, त्यासाठी तुमचं आधार आणि पासबुक लागेल," एवढंच सांगा. नातवंडांचे दोन भाग त्यांच्या नावावर ठेवणार हेही सांगा. संयुक्त अर्जाच्या वेळी त्यांना बरोबर पणजीला घेऊन जाता आलं तर उत्तम. चारही हिस्सेदारांचे कागद एकत्र गेले की ऑफिसला शंका उरत नाही.

त्यांनी ऐकलं नाही, किंवा थोरल्या मुलाच्या सांगण्यावरून स्वतंत्र दावा लावला, तर मात्र वकील करा. पैसे नसतील तर थांबू नका. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

ज्या वाचकांचे जोडीदार हयात आहेत, त्यांनी आज रात्री जेवणं झाल्यावर दोघांचे यूएएन उघडून ई-नॉमिनेशन कोणाच्या नावे आहे ते पाहावं. लग्नानंतर भरलेलंच नसेल तर आधार ओटीपीने ते घरबसल्या होतं, कंपनीत जावं लागत नाही. ते भरलेलं असलं की मागे राहिलेल्याला दावाही ऑनलाइन करता येतो. बायको नोकरी करत असेल तर तिचंही पाहा. तिथे अजून वडिलांचं नाव निघालं तर दचकू नका, बहुतेक घरांत तेच निघेल.

आणि ताई, तुमचं पेन्शन सुरू झालं की दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागेल. तो वर्षात केव्हाही देता येतो आणि दिल्यापासून बारा महिने चालतो. नोव्हेंबरची गर्दी टाळून तुमच्या सोयीचा महिना धरा.